ऑपरेशननंतर लेकराचं दुखणं आणि मोबाइलमधली गाणी: पालकांनी घरूनच करून आणायची तयारी

नागपुरात मुलांच्या ऑपरेशनसाठी येणारी कुटुंबं फक्त शहरातली नसतात. मेडिकल आणि मेयो ही सरकारी इस्पितळं, मिहानमधलं एम्स, धंतोली-रामदासपेठेतली खाजगी इस्पितळं, कुठेही गेलात तरी गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरची आणि पलीकडच्या बालाघाट-छिंदवाड्याची लेकरं दिसतात. कुणाचा हर्निया, कुणाचं अपेंडिक्स, कुणाचा झाडावरून पडून मोडलेला हात. आईवडील पैशांची, रक्ताच्या पिशवीची, राहण्याची सोय करून येतात. ऑपरेशननंतर लेकरू कळवळेल तेव्हा आपण स्वतः काय करायचं, हे मात्र बहुतेकांनी ठरवलेलं नसतं.

मुलांच्या सर्जिकल वॉर्डात नर्स म्हणून काम करताना मला एक गोष्ट पक्की पटली आहे. लेकरानं स्वतः निवडलेली गाणी मोबाइलमध्ये आधीच भरून आणली आणि ती योग्य वेळी लावली, तर त्याचं दुखणं खरोखर कमी होतं. ऐनवेळी नातेवाईक फोन काढून मिळेल ते लावतात, त्याचा हा गुण नाही. म्हणून हा लेख ऑपरेशनच्या आठ-दहा दिवस आधी वाचावा, अशी माझी इच्छा आहे.

गाण्यानं नेमकं काय होतं

जखमेकडून निघालेला संदेश मेंदूपर्यंत जातो आणि दुखणं जाणवतं, हे अर्धंच खरं आहे. वाटेत, मज्जारज्जूत, त्या संदेशाला कमी-जास्त करणारी यंत्रणा असते, असा सिद्धांत मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ साली मांडला. दुखण्याकडे बघण्याची सगळी पद्धत त्यानं बदलली. भीती, एकटेपणा, अपुरी झोप यांनी दुखणं वाढतं. लक्ष दुसरीकडे गुंतलं, मन सैल झालं, की ते कमी होतं. मूल 'नाटक' करत नसतं. त्याच्या मेंदूत दुखणं खरोखरच कमी-जास्त होत असतं.

शिकागोच्या एका मुलांच्या इस्पितळात याची नीट परीक्षा झाली आणि २०१५ साली ती प्रसिद्ध झाली. ऑपरेशन झालेल्या ९ ते १४ वर्षांच्या सुमारे ६० मुलांचे तीन गट केले. एका गटानं अर्धा तास आपल्या आवडीची गाणी ऐकली, दुसऱ्यानं गोष्टींची ऑडिओ पुस्तकं ऐकली आणि तिसऱ्यानं नुसते आवाज अडवणारे हेडफोन घातले. गाणी आणि गोष्टी, दोन्हींनी दुखणं कमी झालं. नुसत्या शांततेनं झालं नाही. दहाच्या मापावर साधारण एक अंक उतरला. एक अंक ऐकायला थोडा वाटेल, पण दुकानात मिळणाऱ्या साध्या वेदनाशामक गोळीनं जेवढा फरक पडतो, तेवढा तो आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही मुलं औषधांवरही होतीच. गाणं औषधाच्या जागी नाही, औषधाच्या जोडीला आहे. अफूपासून निघालेली किंवा त्या जातीची जोरदार औषधं लहान मुलांमध्ये श्वास मंदावू शकतात, म्हणून डॉक्टर ती जपून देतात. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर मुलांना कोडीन देऊ नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१३ साली दिला, तो याच कारणानं. अशा वेळी बिनऔषधाचा प्रत्येक अंक मोलाचा असतो. पण "गाणी लावली आहेत, आता इंजेक्शन नको" असं कुणी म्हणालं, तर ते लेकरावर अन्याय करत आहेत.

पहिली पायरी: भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी विचारा

ऑपरेशनआधी भूल देणारे डॉक्टर मुलाला तपासतात. त्याच दिवशी तीन प्रश्न विचारा. थिएटरच्या दारापर्यंत फोन नेता येईल का? शुद्धीवर येण्याच्या खोलीत आईला किंवा वडिलांना कधी सोडतात? वॉर्डात छोटा स्पीकर चालेल का? प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा असतो. ऑपरेशनच्या सकाळी दारावरच्या मामांशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

इथे अपेक्षाही नीट ठेवायला हवी. भूल देण्याचा जो क्षण असतो, मास्क तोंडाशी येतो तो, त्याची भीती गाण्यानं फारशी जात नाही. २००४ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात त्या क्षणी संगीतापेक्षा घाबरटपणा घालवणारं औषधच सरस ठरलं. म्हणून डॉक्टरांनी ते औषध सुचवलं तर नाही म्हणू नका. थिएटरबाहेर वाट पाहण्याच्या लांबलचक वेळात मात्र गाणी उपयोगी पडतात. उपाशीपोटी, हिरवा गाऊन घालून, अनोळखी माणसांमध्ये बसलेल्या लेकराला ओळखीचं काहीतरी लागतंच.

दुसरी पायरी: यादी लेकराची, तुमची नव्हे

सगळ्यात जास्त चूक इथे होते. वडील शास्त्रीय बासरी भरून आणतात, आजी स्तोत्रं भरून आणते, आणि दहा वर्षांच्या मुलाला हवं असतं मित्रांसोबत नाचलेलं गाणं. तुमच्या कानाला ते कर्कश वाटलं तरी तेच घ्या. ओळखीच्या गाण्यात पुढे काय येणार हे मुलाला ठाऊक असतं. इस्पितळात पुढे काय होणार हे त्याला काहीच ठाऊक नसतं. मला वाटतं, निम्मा गुण या फरकातच आहे. आणि निवड त्याची असली की निदान एका गोष्टीवर त्याचा ताबा राहतो.

वहीत लिहायला बसवा. लिहिता येत नसेल तर गाणी एकेक वाजवून दाखवा आणि त्याच्या तोंडाकडे बघा. मग तीन वेगळ्या याद्या करा.

पहिली यादी आवडीच्या गाण्यांची, साधारण अर्ध्या तासाची. हीच मुख्य.

दुसरी यादी झोपेची. संथ, शब्द कमी, मध्येच ढोल कडाडणार नाही अशी. मिनिटाला ६० ते ८० ठोके असा ठेका यासाठी बरा मानतात. घड्याळ लावून पंधरा सेकंदांतले ठोके मोजा, पंधरा ते वीस भरले की गाणं यादीत बसलं. बासरीची, तंबोऱ्याची जागा असेल तर ती इथे, तीही मुलाला आवडली तरच.

तिसरी यादी गोष्टींची. काही लेकरांना दुखत असताना गाणं नको असतं, बोलणारा आवाज हवा असतो. दहा-पंधरा मिनिटांच्या सुट्या गोष्टी घ्या. एक धोका सांगते: पोटाचं ऑपरेशन असेल तर खदखदून हसवणाऱ्या गोष्टी पहिले दोन-तीन दिवस ठेवू नका. हसताना पोटाचे स्नायू ताणतात, टाक्यांवर कळ येते. अपेंडिक्स झालेलं मूल विनोदी गोष्ट ऐकून रडताना मी पाहिलं आहे.

वयाप्रमाणे थोडं बदलतं. वर्षाच्या आतल्या बाळाला यादी नको, आईचा आवाज हवा. अंगाई स्वतः म्हणा, आणि आईला बाळाजवळ थांबू देत नसतील तर तीच रेकॉर्ड करून सिस्टरकडे द्या. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला एकच बडबडगीत दहा वेळा चालतं, कंटाळा तुम्हाला येईल, त्याला नाही. बारा-तेराच्या पुढच्या मुलामुलींना फोन हातात द्या आणि काय ऐकतात ते विचारू नका. त्यांना तेवढा आडोसा हवा असतो.

घरच्या आवाजांची ठेव

याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या भागात ही संपत्ती आहे आणि ती कुणी वापरत नाही.

धानोरा-एटापल्लीकडून आलेलं एखादं लेकरू घरी गोंडी बोलतं. वॉर्डात त्याच्याशी कुणी मराठीत बोलतं, कुणी हिंदीत. चार दिवस त्याच्या कानावर आपली भाषा पडत नाही. त्याच्यासाठी फोनमध्ये सगळ्यात मोलाचं काय असेल, तर आजीनं गोंडीत म्हटलेलं गाणं. तेच झाडीपट्टीतल्या मुलाचं. तिथल्या नाटकांतली गाणी त्याला तोंडपाठ असतात. घरी खंजिरीवर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं होत असतील तर ती, भीमगीतं किंवा बुद्धवंदना होत असेल तर ती. मुलीला भुलाबाईची गाणी येत असतील तर मैत्रिणींना जमवून अंगणातच रेकॉर्ड करा. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंतच ती म्हणायची असं काही इस्पितळाला लागू नाही.

रेकॉर्डिंग करताना पंखा आणि कूलर बंद करा, फोन गाणाऱ्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर ठेवा. एकदा लावून ऐका. सुरुवातीला लेकराचं नाव घेऊन दोन वाक्यं बोललेली असली तर फार चांगलं. फक्त "लवकर बरा हो, रडू नको" असं म्हणू नका. रडू द्यावं. "मी गोठ्यात आहे, गाईला चारा टाकून राहिले, आता तुले गाणं म्हणून दाखवतो" असं घरचं साधं बोलणं त्या भिंतीत फार आधार देतं.

तिसरी पायरी: फोन आणि कान

गाणी फोनमध्ये उतरवून घ्या. वॉर्डाच्या कोपऱ्यात नेटवर्क जातं, आणि नेटवर चालणाऱ्या फुकट ॲपमध्ये ऐन झोपेच्या गाण्यात जाहिरात किंचाळते. शक्य असेल तर घरातला जुना फोन यासाठी वेगळा काढा आणि तो विमान मोडवर ठेवा. नाहीतर गाणं सुरू झालं की मामांचा, काकांचा, शेजाऱ्यांचा "कसं आहे?" म्हणून फोन येतो. पॉवर बँक न्या, कारण खाटेजवळचा प्लग पंपाला किंवा मॉनिटरला लागतो. फोन उशीखाली ठेवून झोपू नका, सरकारी काय नि खाजगी काय, फोन जातात.

व्हिडिओऐवजी नुसता आवाज का? भूल उतरताना मळमळ असते, हलती चित्रं ती वाढवू शकतात. स्क्रीन बघायला लेकरू मान वाकडी करतं, सलाईनचा हात उचलतं. आणि डोळे मिटता येत नाहीत, झोप येत नाही. सुई लावताना पाच मिनिटं व्हिडिओ दाखवला तर हरकत नाही.

हेडफोन की स्पीकर, हे वयावर आणि ऑपरेशनवर ठरतं. कानावर बसणारे हलके हेडफोन मोठ्या मुलांना बरे. सीताबर्डीत साधे मिळतात, महागाचे लागत नाहीत. कान, डोकं, चेहरा यांचं ऑपरेशन असेल किंवा तिथे भाजलेलं असेल तर हेडफोन अजिबात नको. तान्ह्या बाळांना नको. तीन वर्षांखालच्यांना कानात घालायचे छोटे बड देऊ नका, ती तोंडात घालतात. लांब वायर सलाईनच्या नळीत गुंततं, लहानाच्या गळ्याभोवतीही जाऊ शकतं. झोप लागली की हेडफोन काढून घ्या. एका मुलाचे दुसऱ्याला देण्याआधी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा, आणि कानात जाणारे तर देऊच नका.

आवाज किती? मुलांसाठी आठवड्याला ४० तास आणि ७५ डेसिबल, ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितली आहे. डेसिबल मोजायची गरज नाही. फोनचा आवाज निम्म्यावर ठेवा आणि हातभर अंतरावरून साध्या आवाजात लेकराचं नाव घ्या. त्याला ऐकू आलं पाहिजे. सिस्टरनं हाक मारली तर तीही ऐकू आली पाहिजे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे वॉर्डातले कूलर घरघरत असतात, मग गाण्याचा आवाज नकळत वाढवत नेला जातो. तसं करू नका, सिस्टरला सांगून खाट कूलरपासून जरा सरकवून घ्या. स्पीकर असेल तर तो उशीजवळ न ठेवता खाटेच्या पायथ्याशी ठेवा, बाळासाठी निदान हातभर लांब.

चौथी पायरी: आधी दुखणं मोजा

मोजलं नाही तर गुण आला की नाही हे कळणार नाही. साधारण तीन-चार वर्षांपुढच्या मुलांसाठी चेहऱ्यांची पट्टी असते, हसऱ्या चेहऱ्यापासून रडक्यापर्यंत. वॉर्डात मागा. आठ वर्षांपुढे शून्य ते दहा असा आकडा विचारता येतो. तीन-चार वर्षांहून लहानांसाठी आम्ही पाच गोष्टी बघतो: चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि जवळ घेतल्यावर शांत होतं का. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, म्हणजे एकूण दहा. लेकरू पाय पोटाशी आखडून घेतंय, अंग ताठ करतंय, हे आई कुणापेक्षाही आधी ओळखते.

विचारायची पद्धत फार महत्त्वाची आहे. "दुखत नाही ना बाळा?" असं कधीही विचारू नका. तुम्हाला काय ऐकायचं आहे ते लेकरू ओळखतं. शिवाय 'दुखतं' म्हटलं की सुई टोचतात, हा हिशोब त्यानं पहिल्याच दिवशी लावलेला असतो. चेहऱ्यांची पट्टी पुढे धरा आणि विचारा, "आत्ता तू यातला कोणता?" आकडा आणि वेळ वहीत लिहा. गाणी संपल्यावर पुन्हा विचारा, लिहा.

पाचवी पायरी: कधी लावायचं

शुद्धीवर येतानाची पहिली पंधरा-वीस मिनिटं हेडफोन नको. लेकरू गोंधळलेलं असतं, आपण कुठे आहोत ते कळत नसतं, कधी हातपाय झाडतं. तेव्हा तुमचा हात आणि तुमचा हळू आवाज, एवढंच. पुरतं जागं झालं, नाव सांगितलं, पाणी मागितलं की मग विचारा.

पुढे वेळ औषधाला बांधा. तोंडानं दिलेलं पॅरासिटामॉल लागू व्हायला अर्धा ते एक तास जातो. हा मधला वेळ सगळ्यात वाईट. आवडीची यादी तेव्हाच लावा. औषध चढेपर्यंत गाणी सांभाळतात आणि गाणी संपेपर्यंत औषध काम करू लागतं.

ड्रेसिंग, नळी काढणं, पहिल्यांदा खाटेवरून उतरणं, फिजिओथेरपी: यांची वेळ सकाळीच सिस्टरना विचारून ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटं आधी गाणी सुरू करा. दुखायला लागल्यावर सुरू केलेलं गाणं कमी पडतं, कारण तोवर मूल भीतीनं आखडून गेलेलं असतं. माझा एक आग्रह आहे: सगळ्यात लाडकं गाणं ऐन सुईच्या क्षणी वाजवू नका. सुई टोचून झाल्यावरच्या वेळेसाठी ते राखा. लाडक्या गाण्याला सुईची आठवण चिकटू नये.

गाण्याबरोबर श्वास जोडता आला तर आणखी बरं. एका ओळीला श्वास आत, दोन ओळींना हळूहळू बाहेर, तुम्ही स्वतः करून दाखवत. छाती किंवा पोटाच्या ऑपरेशननंतर मुलं दुखण्याच्या भीतीनं उथळ श्वास घेतात, त्यासाठीही हे चांगलं.

अर्धा तास झाला की बंद करा. दिवसभर चालू ठेवलेल्या गाण्याकडे लक्ष जात नाही आणि मग त्याचा उपयोगही राहत नाही. दिवसातून तीन-चार वेळा पुरे. रात्री दुखणं जास्त जाणवतं, तेव्हा झोपेची यादी, टायमर लावून.

गप्प लेकरू म्हणजे बरं लेकरू नव्हे

कानाला हेडफोन लावून मूल शांत पडलं की सगळे सुटकेचा श्वास टाकतात. पण पुढचं काही दिसलं तर गाणी बंद करा आणि ताबडतोब सिस्टरना हाक मारा. औषध देऊन तास झाला तरी आकडा उतरत नाही, किंवा उतरलेला आकडा अचानक वर गेला. पोट फुगलं, हिरवी उलटी झाली. ताप चढला. टॉन्सिलनंतर लेकरू सारखं गिळतंय किंवा तोंडातून ताजं रक्त आलं. प्लास्टरमधली बोटं गार, निळसर, बधिर झाली किंवा बोटं ताणताच असह्य कळ येते. यात तर तासाभराचाही उशीर हात-पाय गमावण्याइतका महाग पडू शकतो. आणि हलवूनही नीट जागं होत नाही, श्वास फार मंद वाटतो, तर एक मिनिटही थांबू नका.

शेजारची खाट

मेडिकल-मेयोच्या वॉर्डात खाटा जवळजवळ असतात. स्पीकर लावण्याआधी शेजारच्या आईला विचारा. त्यांच्या लेकराला नुकती झोप लागलेली असेल. दोन्ही मुलांना चालत असेल तर एकत्र ऐकू द्या, सोबत मिळाली की मुलं फार लवकर सावरतात. दुपारी दोन ते चार आणि रात्री नवानंतर हेडफोनच. स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुलं, आवाजाला घाबरणारी मुलं यांना गाणं त्रासाचंही होऊ शकतं; त्यांच्या आईला जे ठाऊक असतं त्यावर विश्वास ठेवा.

नको म्हटलं तर

नको म्हणजे नको. हेडफोन बळजबरीनं घातले तर तोही एक उपचारच होऊन बसतो, टोचणारा. दोन तासांनी पुन्हा विचारा, गोष्ट हवी का विचारा, किंवा नुसते पाठीवरून हात फिरवत बसा. काही मुलं दुसऱ्या दिवशी स्वतःहून मागतात.

सुट्टी झाल्यावर घरी दोन-चार दिवस हाच क्रम ठेवा, विशेषतः रात्री आणि घरी ड्रेसिंग बदलताना. गोंदिया, चंद्रपूरपर्यंतचा प्रवास असेल तर निघण्याआधी औषध द्या आणि गाडी हलली की यादी लावा, रस्त्यातल्या खड्ड्यांचा दणका टाक्यांना लागतोच. वहीतले आकडे आणि वेळा पहिल्या तपासणीला बरोबर न्या. कोणत्या वेळी दुखणं वाढत होतं, औषधाच्या दोन डोसांत अंतर जास्त पडत होतं का, हे त्यावरून डॉक्टरांना लगेच दिसतं, आणि औषधाच्या वेळा बदलायच्या असतील तर त्या तिथेच बदलून मिळतात.